साहेबांची अर्धी हजामत

माझ्या हातचं अ‍ॅप कधी अडकत नाही! असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. आणि नेमकं बायकोच्या सलूनसाठी बनवलेलं अ‍ॅप, गिऱ्हाइकाने निवडलेल्या कटचा फोटो उघडला की ठप्प! फोटो येईपर्यंत स्क्रीन हलायचं नाव नाही.

"यापेक्षा तोंडाने विचारलेलं काय वाईट?" बायको म्हणाली.

झोंबलं! मी ताबडतोब फोटो आणायचं काम बॅकग्राउंड थ्रेडला दिलं. म्हणजे तिने खुशाल पुढची कामं करावीत, फोटो आणायला वेगळा गडी पळतोय! मग ज्यांच्या सहीवाचून माझी बढती अडली होती, त्या आमच्या साहेबांनाच सलूनमध्ये बोलावलं. अ‍ॅप बघा, केसही कापून घ्या! साहेब आले, सोबत कॉलेजातली लेक. दोघांनी अ‍ॅपमध्ये आपापला कट निवडला.

"आता कोणाला काही विचारायचं नाही," मी बायकोला बजावलं. "अ‍ॅप दाखवेल तसं कापायचं!"

डोक्याला मालिश होताच साहेब घोरू लागले. मी निर्धास्त होऊन चहाला गेलो. परत येतो तर साहेबांची डावी बाजू कानापासून टाळूपर्यंत सफाचट, उजवीकडचे केस जसेच्या तसे!

"अगं, हे काय केलंस?"

"अ‍ॅपने दाखवलं तेच! मलाही जरा विचित्र वाटलं. म्हटलं, मोठ्या लोकांच्या आवडी!"

तिचा फोन तपासला आणि घोळ कळला. बायकोने आधी लेकीचं नाव उघडलं होतं आणि फोटो यायच्या आत ती साहेबांच्या नावावर गेली होती. माझा गडी लेकीचा फोटो घेऊन सगळ्यात शेवटी धापा टाकत आला आणि समोर जे नाव दिसलं, त्यालाच फोटो चिकटवून मोकळा झाला! आपण कोणासाठी निघालो होतो हे लक्षात ठेवायची अक्कल मी त्या गाढवाला दिलीच नव्हती.

"बाबा!" मोबाइलमधून डोकं वर काढत लेक किंचाळली. "मला हा कट नको म्हणालात, आणि स्वतः?"

साहेब दचकून जागे झाले. त्यांनी आरशात पाहिलं.

"साहेब, चूक अगदी बारीक आहे," मी चाचरत म्हणालो. "काम मागच्या मागे चालूच असतं. फक्त कधी आणि कुठे पोचेल, याचा भरवसा नसतो."

साहेबांनी उरलेल्या केसांवरून हात फिरवला.

"अस्सं! मग तुझ्या बढतीचंही तसंच समज. मागच्या मागे चालू आहे. तू आपलं काम करत राहा!"