दुसऱ्या मजल्यावर इन्नब्लास्तुर नाही

रेक्याविकच्या त्या शब्दकोश कचेरीत दुसऱ्या मजल्यावर हवा यायची बंद झाली, त्याला तीन आठवडे झाले होते. खिडक्या वादळाच्या भीतीने कधीच स्क्रू मारून बंद केलेल्या. छतातल्या जाळीतून यंत्र ताजी हवा आत सोडायचं, तेही मुकं झालं. दहालाच माणसं जांभया देत, अकराला डोकी धरत, आणि बारानंतर कुणी एक शब्द धड लिहील तर शपथ.

हल्बेरा तिथली सर्वांत जुनी संपादक. सव्वीस वर्षं ती शब्दांचे अर्थ निवडत होती, तांदळातले खडे निवडावेत तसे. तेव्हा तिच्या टेबलावर नेमका 'इन्नब्लास्तुर' हा शब्द होता. मुळात 'आत फुंकणं'. पहिला अर्थ स्फूर्ती, देवाने कवीच्या छातीत फुंकलेली. दुसरा, यंत्राने इमारतीत सोडलेली ताजी हवा. दोन्ही तिने काळजीने लिहिले होते.

त्यामुळेच असेल, नव्या संचालकाला, म्हणजे स्तुर्लाला, तिने नेमक्या शब्दांत चिठ्ठी लिहिली : 'दुसऱ्या मजल्यावर तीन आठवडे इन्नब्लास्तुर नाही. सगळ्यांना त्रास होतो. कुणाला तरी लवकर बोलवावं.'

स्तुर्ला जाहिरातीच्या धंद्यातून आलेला. चिठ्ठी वाचून त्याचे डोळे पाणावले. तो स्वतः वर आला आणि हल्बेराचा हात हातात घेऊन म्हणाला, "हे कबूल करायला हिंमत लागते गं."

"कबूल कसलं? वर जाळी आहे ना, ती—"

"काही बोलू नकोस. मी बोलावलंय कुणाला तरी."

गुरुवारी ती आली. नाव इस्मे, काम स्फूर्तीच्या कार्यशाळा घेण्याचं. तिने बारा जणांना गोल बसवलं, दार लावलं आणि चाळीस मेणबत्त्या पेटवल्या.

"डोळे मिटा. खोल श्वास घ्या. काय जाणवतंय?"

"मेण," आउस्ग्रीमुर म्हणाला. तो हल्बेराच्या शेजारच्या टेबलावरचा, क्रियापदं सांभाळणारा.

हल्बेरा उठली. "बाई, आम्हाला हवा पाहिजे."

"अगदी!" इस्मे टाळ्या वाजवत म्हणाली. "सगळ्यांनाच नवी हवा पाहिजे!"

"नवी नको, साधीच चालेल. दार उघड."

"दारं मनाची असतात, हल्बेरा."

तेवढ्यात आउस्ग्रीमुर खुर्चीसकट आडवा झाला. त्याला जिन्यात नेऊन तोंडावर पाणी मारलं, तेव्हा शुद्ध आली. "त्याचं आत साठलेलं मोकळं झालं," असं इस्मेने अहवालात लिहिलं.

शुक्रवारी हल्बेराने स्वतःच फोन करून यंत्रवाल्या केतिलला बोलावलं. त्याने शिडीवर चढून जाळीत हात घातला.

"पट्टा तुटलाय. तासाभराचं काम. फक्त तुमच्या साहेबाची सही आण."

स्तुर्लाने कागद वाचला आणि त्याचा चेहरा पडला. "हल्बेरा, अगं, इन्नब्लास्तुरचे या वर्षीचे पैसे संपले. सगळे इस्मेला दिले."

"ते स्फूर्तीचे होते! हा वारा आहे, स्तुर्ला, वारा! कोशात बघ, दुसरा अर्थ!"

"शब्दांत अडकून पडतेस तू," शब्दकोशाचा संचालक म्हणाला. "म्हणूनच इस्मे म्हणते, तू फार थकलीयस. जिला तीन आठवडे इन्नब्लास्तुर नाही, तिने ती नोंद लिहावी तरी कशी? ती इस्मे पुरी करेल. तू तळघरात बस. जुनी कार्डं लाव निवांत."

सोमवारी इस्मेने नोंद पुरी केली. दुसरा अर्थ तिने काढून टाकला. फार यांत्रिक वाटतो म्हणाली.

हल्बेरा तळघरात गेली. जाताना रडली नाही. रडायलाही श्वास लागतो. खाली कार्डांचे खोके, गंजलेली टेबलं, आणि भिंतीत वर एक लहानशी खिडकी. तिने खिडकीची मूठ फिरवली, तर ती उघडली! समुद्राकडचा बोचरा, खारट वारा थेट तोंडावर आला. महिन्याभरात पहिल्यांदाच तिचं डोकं दुखायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी आउस्ग्रीमुर कॉफीचा पेला घेऊन खाली आला. "जरा बसू का?" मग नामांवाली आली, मग उच्चारांवाले दोघं. गुरुवारपर्यंत अख्खा दुसरा मजला खोक्यांवर बसून कामाला लागला. आठवड्यात इतके शब्द झाले की तेवढे आधीच्या अख्ख्या महिन्यात झाले नसतील.

आकडा बघून स्तुर्ला स्वतः उतरून आला. सोबत इस्मे. दाराशी उभं राहून त्याने डोळे मिटून छाती भरून घेतली.

"जाणवतंय तुला?"

"जाणवतंय," इस्मे कुजबुजली.

"कार्यशाळा फळाला आली!" स्तुर्ला म्हणाला. "इस्मे, तुझं स्फूर्तिकेंद्र इथेच काढू. खोके उद्या हलवू."

"आणि आम्ही?" हल्बेराने विचारलं.

"तुम्ही वर. टेबलं रिकामीच आहेत की."

सगळ्यांनी आपापले पेले उचलले आणि जिना चढायला लागले. हल्बेरा शेवटी निघाली. तिने खिडकी लावली, एक नाणं काढून त्याने मुठीचा स्क्रू सैल केला, मूठ उपसली आणि कोटाच्या खिशात टाकली.

वर तिलाही हवा नव्हतीच. पण पुढच्या गुरुवारी खालून चाळीस मेणबत्त्यांचा वास आणि कुणीतरी खिडकीवर हात आपटल्याचा आवाज आला, तेव्हा आउस्ग्रीमुरने मान वर केली.

"खाली काहीतरी चाललंय वाटतं."

"मनाचं दार उघडत असतील," हल्बेरा म्हणाली आणि पुढचं कार्ड घेतलं.