उभ्या गाडीचा ब्रेक

गाडीच्या बाबतीत माझी नजर म्हणजे नजर! समोरचं वाहन किती वेगात आहे, कुठे वळणार, हे मला त्याच्या ड्रायव्हरच्या आधी कळतं. पण सासऱ्यांना कोण सांगणार? जन्मभर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलेलं. आपल्या नव्या गाडीला ते मला हात लावू देईनात. शेवटी बायको मध्ये पडली, "बाबा, निदान धुवायला तरी नेऊ द्या ह्यांना!" सासरे कबूल झाले आणि परीक्षकासारखे माझ्या शेजारी येऊन बसले. आज पास झालो की गाडी चालवायला मोकळा!

गाड्या धुण्याच्या मशीनखाली मी गाडी अशी झकास लावली की सासऱ्यांना नाव ठेवायला जागा उरली नाही. बायको बाहेर, थांबायच्या खोलीत काचेपलीकडे कॉफी घेऊन बसली. मी इंजिन बंद केलं. माणसाएवढे निळे ब्रश गरगरू लागले आणि गाडी हळूच पुढे सरकली! समोर भिंत!

"जावईबापू, ब्रेक!"

"दाबलाय, बाबा!"

"मग हँडब्रेक ओढा!"

"ओढला! तरी चाललीच आहे!"

सासरे स्वतःच पाय आपटू लागले. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी जादा ब्रेक असायचा, इथे नुसतं पायपुसणं. त्याचा त्यांनी चोळामोळा केला.

"लोकांना सावध करा!" ते गरजले.

मी काच खाली केली, ओरडायला तोंड उघडलं, आणि ब्रश आत आला. पुढचं विचारू नका! तोंडात फेस, कानात फेस. सासऱ्यांची मिशी तर जन्मात एवढी धुतली गेली नसेल.

तेवढ्यात मशीन बंद झालं, आणि गाडीही थांबली.

"लागला ब्रेक!" मी आनंदाने ओरडलो.

मशीनवाला धावत आला. "साहेब, गाडी तसूभर हलली नाही! ही ब्रशांची कमान रुळावरून मागे जाते. चहूकडे तीच दिसते, म्हणून वाटतं आपणच पुढे चाललोय."

मागोमाग बायको आली, पोट धरून हसत. "बाबा, तुम्हीसुद्धा?"

सासऱ्यांनी किल्ली काढून घेतली. संपलं आपलं, म्हटलं! पण त्यांनी मिशी पुसली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आजपासून गाडी जावईबापूच चालवणार."

"बाबा, पण ह्यांनी उभी गाडी..."

"म्हणूनच! उभी गाडी थांबवायला ज्याने जिवाचा एवढा आटापिटा केला, तो चालती गाडी काय ठोकणार?"

माझी छाती फुगली. ऐटीत गाडी सुरू केली, गिअर टाकला. गाडी काही केल्या जागची हलेना!

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. "हँडब्रेक काढा, जावईबापू."