वाळत घातलेला अँटेना

लांब तारेचा अँटेना उभारण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये नाही. हा उद्योग करणारा दुसरा माणूसच आमच्या बिल्डिंगमध्ये नाही ही गोष्ट वेगळी. पण मोठेपणात असले बारीकसारीक तपशील बघायचे नसतात.

मी हॅम आहे. म्हणजे घरात चांगला चालू फोन असताना, दूरच्या अनोळखी माणसाला ‘माझा आवाज येतोय का?’ एवढंच विचारायला रेडिओ लावून बसणारा. तो ‘येतोय’ म्हणाला की आम्ही धन्य होतो आणि पुढे बोलायला काही नसल्यामुळे निरोप घेतो.

हा रोग मला सासरकडून लागला. सासरेबुवा जुने तारमास्तर. त्यांचं तार ठोकायचं पितळी यंत्र आहे, घरात सगळे त्याला ‘कडकट्ट’ म्हणतात. सासरेबुवांना मुलगा नाही. मुली दोन, म्हणजे जावईही दोन. थोरला माझा साडू आणि धाकटा मी. कडकट्टवर दोघांचाही डोळा! शेवटी सासरेबुवांनी जाहीर केलं, “रविवारी दिवेलागणीपासून मी एकशेसाठ मीटरच्या बँडवर कान लावून बसणार. जो मला आधी गाठेल, कडकट्ट त्याचं.”

आता या बँडची गंमत अशी की तिथल्या लहरी लांबलचक, त्यामुळे तारही लांबलचक लागते. चांगली ऐंशी मीटर! साडूला काय, गावाबाहेर जमीन आहे, आणि तिच्यावर दोन उंच झाडं अशी उभी आहेत, जणू त्याच्या अँटेनासाठीच लहानाची मोठी झाली. मी राहतो तिसऱ्या मजल्यावर. माझ्याकडे झाड म्हणजे गॅलरीतलं कोरफडीचं.

राहता राहिली गच्ची. पण गच्ची चेअरमनसाहेबांच्या ताब्यात! त्यांच्या परवानगीशिवाय तिथे कावळाही बसत नाही. मी विचारून पाहिलं.

“रेडिओची तार? लिफ्ट बंद पडेल,” ते म्हणाले.

“साहेब, लिफ्टचा आणि रेडिओचा काय संबंध?”

“बंद पडल्यावर कळेल.”

पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. चार दिवसांनी पुन्हा गेलो आणि चेहऱ्यावर समाजसेवा आणून म्हणालो, “साहेब, गच्चीवर सगळ्यांसाठी कपडे वाळत घालायची तार लावू का? माझ्यातर्फे.”

चेअरमनसाहेब गहिवरले. म्हणाले, “अशी माणसं हवीत बिल्डिंगला!”

एका सकाळी गच्चीच्या चारही कडांनी तार फिरवली. मधोमध केबल जोडून ती पाण्याच्या पाइपाआडून आमच्या गॅलरीत उतरवली. मापात अशी काटेकोर कापली होती, की रेडिओने एका झटक्यात तिला आपली म्हटलं. मी बायकोला हाक मारून रेडिओच्या मीटरचा काटा दाखवला.

“छान. पण बाबांनी लग्नात दिलेला ट्यूनर जोडून ठेवा ना,” ती म्हणाली. “उद्या तार थोडी इकडेतिकडे झाली तर?”

ट्यूनर म्हणजे एक जड खोकं. तारेचं माप चुकलं असलं तरी त्याची बटणं फिरवून रेडिओची समजूत काढता येते. आमच्याकडे ते गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेलं असतं.

“ट्यूनर म्हणजे कुबड्या!” मी म्हणालो. “ज्याला तार कापता येत नाही त्याने वापराव्यात.”

“बरं,” ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ‘बरं’चा अर्थ मला कळायला हवा होता. आणि एक सांगायचं राहिलं. हॅमचं लायसन्स तिच्याकडेही आहे, माझ्यापेक्षा जुनं. सासरेबुवांनी दोन्ही मुलींना आधी तारेची मोर्स लिपी शिकवली, मग सायकल.

माझी चूक एकच झाली. सोंग फार छान वठलं! दुपारी गच्चीवर गेलो तर माझ्या अँटेनावर अख्खी बिल्डिंग वाळत होती. चादरी, परकर, गणवेश, आणि ऐन मधोमध, केबलच्या जोडावर, चेअरमनसाहेबांची पट्ट्यापट्ट्यांची हाफ पॅन्ट! ओल्या कपड्यांनी तार लोंबली. रेडिओ लावला तर काट्याने मला ओळखसुद्धा दाखवली नाही.

मग माझा दिनक्रम ठरला. कोणी नाही असं बघून गच्चीवर जायचं, कपडे काढायचे, खाली येऊन काटा बघायचा, पुन्हा वर जाऊन कपडे घालायचे. आता कोणाचं काय कुठे होतं हे लक्षात ठेवायला मी काय धोबी आहे? चादरी एकीकडच्या दुसरीकडे गेल्या. मोजे विभक्त झाले. चेअरमनसाहेबांची हाफ पॅन्ट दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकबाईंच्या साड्यांच्या घडीत सापडली, आणि त्यावर दोन्ही घरांत जे काही झालं ते लिफ्टमध्येही ऐकू येत होतं.

लवकरच बिल्डिंगमध्ये बातमी पसरली, गच्चीवर कपडेचोर येतो! चेअरमनसाहेबांनी त्याला पकडायला समिती नेमली. समितीवर मी होतो. तार मीच दिली म्हटल्यावर माझ्याइतका भरवशाचा माणूस दुसरा कोण? मी चोराचा कडक शब्दांत निषेधही केला. टाळ्या पडल्या.

आणि रविवार उजाडला. सकाळीच साडूचा फोन.

“काय, झाली का तयारी? आमची तार तर झाडावर चढली!” आणि फिदीफिदी हसला. तेव्हाच ठरवलं, कडकट्ट या माणसाच्या घरी जाऊ द्यायचं नाही. जीव गेला तरी चालेल.

सूर्य मावळायला आला तसा मी गच्चीवर गेलो. बघतो तर काय, सुट्टीचा दिवस, सगळ्यांनी धुणं काढलेलं! तार दिसतच नव्हती. मी भराभर कपडे ओढायला लागलो. हात भरले, खांदे भरले, डोक्यावर कोणाचा तरी टॉवेल. एवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि सगळी बिल्डिंग वर आली. सोबत खुर्च्या, माइक आणि लाउडस्पीकर!

कपडेचोरावर सभा होती. आदल्या दिवशी सूचना फिरली होती म्हणे. समितीचा सभासद असूनही मी वाचली नव्हती, कारण त्या वेळी मी गच्चीवर कपडे काढत होतो.

“पकडा!” कोणीतरी ओरडलं. पकडायला मी पळणार कुठे? माझ्या खांद्यावर प्राध्यापकबाईंची साडी होती आणि हातात, काय सांगू तुम्हाला, पुन्हा तीच हाफ पॅन्ट!

“अहो, मी... मी कपडे गोळा करत होतो. पाऊस येईल म्हणून,” मी म्हणालो. सगळ्यांनी वर बघितलं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

बायकांनी माझ्या अंगावरचे कपडे हिसकावून पुन्हा तारेवर टाकले. टाकले कसले, आपटले. खाली दिवे लागत होते. तिकडे सासरेबुवा कान लावून बसले असतील, साडू माइक तोंडाशी धरून बसला असेल, आणि मी इथे आरोपी!

चेअरमनसाहेबांनी एका हातात माइक घेतला आणि पुरावा म्हणून दुसऱ्या हाताने तारेचं टोक धरलं.

“सभासदहो, ही तार या गृहस्थांनी दिली. मी म्हटलं, काय हा दिलदार माणूस! आज कळलं, हा माणूस या तारेवर... आई गं!”

ते हातभर उडाले. लाउडस्पीकर आधी किंचाळला, मग त्यातून ठोके यायला लागले. टक्. टक् टक्. ट्टक्!

“करंट! तारेत करंट आहे!” चेअरमनसाहेब बोट तोंडात घालून ओरडले.

आणि माझी ट्यूब पेटली. अँटेनाच्या टोकाला हात लावला की चटका कधी बसतो? खाली रेडिओ बोलत असतो तेव्हा! लाउडस्पीकर कधी ठोके देतो? कोणी मोर्स ठोकत असतं तेव्हा!

“रेडिओ लागला! लागला!” मी नाचायलाच लागलो. “अहो, करंट नाही, ही माझी बायको आहे!”

सभेचे चेहरे बघण्यासारखे होते. मी घाईघाईने सगळं ओकून टाकलं. रेडिओ, अँटेना, सासरेबुवा, साडू, कडकट्ट, सगळं! कोणाचाही विश्वास बसेना.

“बरं, मग काय सांगतेय तुमची बायको?” प्राध्यापकबाईंनी विचारलं.

“आत्ता वाचून दाखवतो!” मी छाती फुगवून लाउडस्पीकरपाशी गेलो आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणू लागलो. “बाबा... मी... धाकटी... बोलतेय. हे... वर... गच्चीवर...”

सभा कान देऊन ऐकत होती.

“...कपडे... चोरताना...” माझा आवाज आपोआप बारीक झाला.

“पुढे?” चेअरमनसाहेब.

“...सापडलेत.”

“बघा! घरची माणसंसुद्धा तेच सांगतायत!”

माइकवरचा सगळा तमाशा तिला तिसऱ्या मजल्यावर शब्द न् शब्द ऐकू गेला होता. थोड्या वेळाने ती वर आली.

“बाबांना ऐकू गेलं?” मी सगळं विसरून विचारलं.

“खणखणीत! ताईकडचं अजून कोणी बँडवर आलंच नव्हतं. तार फांदीत अडकलीय म्हणे त्यांची.”

“अगं, पण सगळे कपडे तारेवर होते!”

“होते ना. दाराचा ट्यूनर काढून जोडला, दोन बटणं फिरवली, झालं. कपडे काढायची काही गरजच नव्हती.” मग हळूच म्हणाली, “कडकट्ट मला दिलं बाबांनी.”

सभेने एकमताने ठराव केला. तार इतकी छान आहे की ती राहील. मी मात्र गच्चीवर एकट्याने जायचं नाही.

कडकट्ट घरी आलं. बायको रोज दिवेलागणीला वडिलांशी त्यावर गप्पा मारते. हसते, मान डोलावते, मध्येच डोळे पुसते. त्या घराने तारेवर किती प्रेम केलंय ते तेव्हा कळतं आणि मलाही बरं वाटतं. फक्त ट्यूनर रेडिओपाशी गेल्यामुळे गॅलरीचं दार फार आपटतं. अँटेनाच्या गणिताचं माझं जाडजूड पुस्तक लावून बघितलं, तेही वाऱ्याने सरकतं.

“अहो, ठोके नीट ऐकू येत नाहीयेत. तेवढं दार धरता का?”

धरतो. गॅलरीचं दार धरण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये नाही!