अनसाबाईंची माळ

ईसीजीची पट्टी स्वच्छ येईना. गौतमीने तिसऱ्यांदा कागद फाडला आणि बाकावर पडलेल्या अनसाबाईंकडे पाहिलं. डोळे मिटलेले, चेहरा शांत, आणि उजव्या हातातली तुळशीची माळ एकेक मणी पुढे सरकतेय.

"मावशी, हात दहा सेकंद स्थिर ठेवा. फक्त दहा."

"ती बोलायची न्हाई," भिंतीला टेकलेले शंकरराव, म्हणजे अनसाबाईंचे मालक, म्हणाले. "जप संपल्याबिगर तोंड उघडत न्हाई. नेम हाय."

"कधी संपतो?"

"काल अकराला संपला. परवा दीडला."

"मणी तेवढेच ना?"

"एकशे आठच. पर रोज येळ येगळी. आमालाबी ठावं न्हाई."

गावोगावच्या हृदयरोगाच्या अभ्यासासाठी कवठे येमाईतली शंभर माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली होती. प्रत्येकाच्या हृदयाची पट्टी काढायची आणि त्यात दिसणाऱ्या बिघाडाला ठरलेला आकडा द्यायचा, हे गौतमीचं काम. पाचांपेक्षा जास्त पट्ट्या वाचता न येण्यासारख्या निघाल्या तर अख्खं गाव पुन्हा करायचं. पाच आधीच निघाल्या होत्या. नव्याण्णव माणसं झाली होती. उरल्या अनसाबाई, आणि बारा वाजता सगळं पुण्याला पाठवायचं होतं.

"दुसरं कोणी घेतलं तर?" सून प्रांजलने विचारलं.

"नाव बदलता येत नाही."

"माझी काढा," शंकरराव म्हणाले. "मी मोकळाच हाय."

"मामा, तुम्ही यादीत नाही."

प्रांजलने हळूच सासूच्या हातातली माळ सोडवली. अनसाबाईंनी डोळेही न उघडता बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. पट्टीवर कणसाच्या केसांसारखी थरथर. मग दोन्ही हातांवर घडी घातलेली गोधडी ठेवली. हात थांबले. गौतमीने बटण दाबलं, तर पायाच्या चिमट्यांकडून थरथर आली. अनसाबाईंचा अंगठा वर-खाली होत होता.

"आता पायाच्या बोटांवर," प्रांजल म्हणाली. "अशाच आहेत त्या."

शंकररावांनी दोन्ही पाय घट्ट धरले. थरथर दुप्पट झाली.

"मामा, सोडा. तुमचा हात कापतोय."

"सकाळपास्नं चहा न्हाई, मग कापणारच. हिचा जप संपल्याबिगर आमच्यात चूल पेटत न्हाई. दोन वर्सं झाली. आधी दोन-चार मिनिटांत उरकायची."

गौतमीने खुर्चीत बसून कपाळाला हात लावला. अकरा चाळीस झाले होते.

तेवढ्यात अनसाबाईंनी हात जोडले आणि डोळे उघडले. "झालं. आता काय करायचं ते कर, बाई."

त्या दगडासारख्या निश्चल पडल्या. पट्टी स्वच्छ उतरली. बारा ठोके. फक्त सातवा जरा घाईत आलेला आणि त्याच्यामागे मोकळी जागा.

"पुन्हा हललात, मावशी," गौतमी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"न्हाई हलले. तितं ठोका चुकला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"एका ठोक्याला एक नाव, असा माझा नेम हाय. ठोका चुकला की माळ पहिल्यापास्नं." अनसाबाईंनी नजर खाली केली. "शंभराला पाच-सहा चुकत्यात. मला वाटलं, माझंच चित्त थाऱ्यावर न्हाई. म्हून कुणाला बोलले न्हाई."

शंकरराव भिंतीपासून सरळ झाले. गौतमीने पट्टी पुन्हा पाहिली, आकडा लिहिला, शेऱ्यात अनसाबाईंची मोजणी टाकली आणि सगळं पुण्याला पाठवून दिलं. मग वेगळ्या कागदावर शिरूरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली. "उद्याच दाखवा. घाबरू नका, पण टाळू नका."

"गोळी घेतली तर नेमाला चालंल का?"

"चालेल, आई," प्रांजल घाईने म्हणाली. "सगळ्यांना चालेल."

"उद्या न्हाई, आज दुपारच्या यष्टीनं," शंकरराव म्हणाले आणि चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या खिशात घातली.

बाराला पाच कमी असताना पुण्याहून, हा अभ्यास चालवणाऱ्या विक्रम सरांचा फोन आला.

"शेवटच्या बाईंच्या शेऱ्यात शंभराला पाच-सहा लिहिलंय. दहा सेकंदांच्या पट्टीवरून कसं सांगता?"

"दोन वर्षांची मोजणी आहे, सर. रोजची."

"रोजची? कुठलं मशीन आहे त्यांच्याकडे?"

गौतमीने गोधडीवर पडलेल्या माळेकडे पाहिलं.

"लाकडी आहे, सर."