अण्णांची नवी गाडी

डिंगोऱ्यातले आमचे शेजारी दामूअण्णा स्वतःच्या नव्या गाडीशी अबोला धरून होते. बैलांशी, पंपाशी, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशीसुद्धा ते गप्पा मारत. आमच्या ओट्यावर बसताना मात्र गाडीकडे पाठ करून बसत.

त्यांची जुनी जीप मोडीत घालून पिंपरीला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं ही पांढरी, एसीवाली गाडी घेऊन दिली होती.

"ही देऊन परत एखादी जुनी जीप घ्यावी का, इच्यार चालू हाय," अण्णा म्हणत. हा विचार वर्षभर चालू होता. त्यांनी न्हाव्याचा सल्ला घेतला. दातांच्या डॉक्टरचा घेतला, तोही तोंड उघडं असताना. माझ्या बहिणीला पाहायला आलेले पाहुणेही सुटले नाहीत. कारणं रोज नवी. "एसीनं गुडघं धरत्यात." "मांडी घालता येत न्हाई." "पट्टा लावला न्हाई तर किंचाळती. आमची ही बी कधी एवढं बोलली न्हाई."

शेवटी अवसरीला एक जीप विकाऊ असल्याचं कळलं. अण्णा मला घेऊन गेले. जीपचा दरवाजा तारेनं बांधलेला, हॉर्न मुका. मालकालाच संशय आला.

"अण्णा, तुमच्या गाडीत काय खोट हाय का?"

"न्हाई ना राव. तीच तर खोट हाय."

परतताना मी वैतागून म्हणालो, "अण्णा, खरं कारण सांगा."

अण्णांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "जीप व्हती तवा बाजाराला जाताना गाडी भरायची. कुणाची म्हैस याली, कुणाच्या पोरीचं जमलं, समदं कळायचं. आता थांबतो, काच खाली करतो, तर म्हणत्यात, नको अण्णा, पाय चिखलाचं हायेत. आमची ही गेल्यापासून घरात बोलायला कोण हाय?"

पुढच्याच आठवड्यात अदलाबदल झाली. मुलगा फोनवर खूप चिडला. अण्णा त्याला एवढंच म्हणाले, "हिचं ब्रेक लई चांगलं हायेत." ते खोटं होतं.

रविवारी जुन्नरच्या बाजाराला निघालो तेव्हा मी मागे, मेथीच्या जुड्यांवर अवघडून बसलो होतो. दोन म्हाताऱ्या कुणाच्या तरी सुनेवरून एकमेकींना बोलू देत नव्हत्या. त्यातली एक मधेच वळून म्हणाली, "अण्णा, जरा जोरात घ्या, बाजार उठंल."

"इंजिन जुनं हाय, मावशे," अण्णा म्हणाले.

रस्ता मोकळा होता, पुढं उतारही होता. अण्णांनी हळूच खालचा गिअर टाकून जीप आणखी मंद केली.