साळिंदरीण नर्सिंगला दिली

एका जंगलात, बाळांनो, आजारी पडायची सोय उत्तम होती. डोंगराकडून गार वारा यायचा. तळ्याचं पाणी हिरवंगार होतं. पिकून खाली पडलेली उंबरं कोणीही कितीही खावीत. बरं व्हायची सोय तेवढी नव्हती.

दवाखाना होता. दवाखान्यात बगळा डॉक्टर होते. ते पांढरेशुभ्र होते आणि एका पायावर उभे असायचे, म्हणजे सदैव निघायच्या तयारीत. "विश्रांती घ्या," एवढं सांगून ते उडायचे. मग रोग्याला पाणी कोणी पाजायचं, कुशीवर कोणी वळवायचं, जखम कोणी पुसायची, हा प्रश्न उरायचा. तो बहुधा रोग्याबरोबरच संपायचा.

म्हणून जंगलात नर्सिंगची शाळा काढली. हत्तीणबाई प्राचार्या झाल्या. आता फक्त विद्यार्थिनी निवडायच्या राहिल्या.

त्याच जंगलात साळिंदरांच्या घरी एक मुलगी होती. तिचं नाव मखमल. साळिंदराच्या मुलीचं नाव मखमल ठेवायला धैर्य लागतं. ते तिच्या बाबांकडे होतं.

मखमल लहान असताना बाबा तापाने फणफणले. शेजारी धावत आले आणि लांब उभे राहिले. औषधाचा पाला त्यांनी काठीने पुढे ढकलला. पाण्यात भिजवलेली पानं लांबूनच कपाळावर फेकली. काही लागली, काही डोळ्यांत गेली.

"काय करणार? काटेवाल्याला हात कसा लावायचा?" ते म्हणाले. खूप हळहळले. मग जेवायला घरी गेले.

मखमलने बाबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेपटीकडे फिरवत नेला. टोचलं नाही. उलटा फिरवला असता तर टोचलं असतं. एवढंच होतं ते. पण बाबांना झोप लागली, आणि मखमलने ठरवलं, नर्स व्हायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग झाली नर्स, संपली गोष्ट. बाळांनो, तुम्ही अजून लहान आहात.

शाळा संपली की जंगलात पायवाटा फुटतात, आणि प्रत्येक फाट्यावर एक शेजारी उभा असतो. इंजिनिअरिंगच्या वाटेने इतके प्राणी गेले होते की तिथे गवत उगवायचं बंद झालं होतं. तिच्या टोकाला काय आहे, ते कोणी सांगेना. जे परत आले, ते फाट्यावर उभे राहून दुसऱ्यांना वाट दाखवायच्या कामाला लागले. नर्सिंगची वाट रिकामी होती. म्हणून ती चुकीची असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

"आधी लग्न करू," मावशी म्हणाली. "मग सासरचे शिकवतीलच."

हे वाक्य जंगलात फार जुनं आहे. ते कोणी पहिल्यांदा म्हटलं माहीत नाही, पण तो प्राणी मुलीकडचा होता एवढं नक्की.

तर मखमलला बघायला पाहुणे आले. पोहे झाले. मुलाची आई घसा साफ करून म्हणाली, "गुडघा शेकता येतो का गं?"

"हो."

"पाठ चोळता येते? रक्त बघून घेरी येत नाही ना? तू झोपलेली असताना हाक मारली, तर ऐकू येतं की दोनदा मारावी लागते?"

मखमल हरखून उत्तरं देत गेली. तिला वाटलं, काय हौशी माणसं आहेत! ह्यांना नर्सिंगची केवढी आवड! ती लगेच हो म्हणाली.

लग्न झालं. नवऱ्याचं नाव पद्माकर. स्वभावाने चांगला होता. त्याची आईही तसंच म्हणायची.

सासरी मखमल पहिली गोष्ट शिकली ती काटे मिटून बसायची. जेवताना मिटून, झोपताना मिटून, पाहुणे आले की जास्तच मिटून. ती फारसं बोलायची नाही. बघत मात्र असायची. एक दिवस सासूबाईंना बरं वाटत होतं तेव्हा मखमल म्हणाली, "आई, मला नर्सिंगला जायचंय. शिकायला."

"अगं, मग हे काय चाललंय?" सासूबाईंनी मामंजींचा गुडघा तिच्यासमोर सरकवला. "शिकतेयस की!"

"शाळेत, आई."

"परक्यांची दुखणी काढायला? का, घरची संपली?"

घरची संपली नव्हती. मामंजींचा गुडघा होता. सासूबाईंची पाठ होती. पद्माकरचं डोकं होतं. ते जेवण झाल्यावर, भांडी पडलेली दिसली की दुखायचं.

"तुला काय वाटतं रे?" मामंजींनी पद्माकरला विचारलं.

"आई म्हणेल तसं," पद्माकर कपाळ धरून म्हणाला.

विषय संपला. तो कायमचा संपला असता, पण दुपारी शेजारच्या रानडुकरीणकाकू सहज म्हणून आल्या. सहज म्हणून आलेले लोक कशासाठी तरी आलेले असतात.

"आमच्या सूनबाईचा डी.एड.ला नंबर लागला हो," काकू म्हणाल्या. "तुमची काय, घरीच असते का?"

सासूबाईंचे काटे खळखळले. "घरी कशाला? तिची उद्या नर्सिंगची मुलाखत आहे."

काकू गेल्यावर सासूबाईंनी मखमलला बजावलं, "नंबर लागणार नाहीच. पण जाऊन आलो, असं सांगता येईल. मी येते बरोबर. आमच्यात मुलीला एकटं पाठवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेच्या मोहाच्या झाडाखाली गेल्या. आता खरी गंमत ऐका. निवड समितीत हत्तीणबाई आणि बगळा डॉक्टर असे दोघे होते, आणि दोघांनी आयुष्यात कधी विद्यार्थिनी निवडली नव्हती. निवड कशी करतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जंगलात निवडायची रीत एकच होती. ती मात्र सगळ्यांना पाठ होती.

म्हणून सतरंजी अंथरली होती. पोहे केले होते. वर ओलं खोबरं होतं.

मखमलच्या आधी मुंगसाची मुलगी होती. डॉक्टर लंगडत येताना दिसले, तशी ती उठली, त्यांचा पाय धरला, रुतलेला बाभळीचा काटा काढला, जखम धुतली आणि पाला बांधला.

"हुशार आहे," हत्तीणबाई कुजबुजल्या. "पण न विचारता पुढे पुढे करते."

"आणि नजर फार वर आहे," डॉक्टर दोन्ही पायांवर उभे राहत म्हणाले. "नंतर कळवू म्हणावं."

मग मखमल आली. सतरंजीच्या कडेला बसली.

"नाव काय, बाळ?"

"मखमल."

"जरा चालून दाखव."

मखमल चालली. ह्याच चालीवर ती एकदा पसंत पडली होती.

"काटे स्वतःचेच ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"जन्मापासूनचे!" उत्तर सासूबाईंनी दिलं. "हल्लीच्या मुलींसारखं काही नाही."

"स्वयंपाक?"

बाळांनो, बसण्याच्या जागेत फार शक्ती असते. आजवर सासूबाई पलीकडच्या बाजूला बसत आल्या होत्या. आज पहिल्यांदा अलीकडच्या बाजूला बसल्या, आणि त्यांच्या तोंडून अलीकडची वाक्यं आपोआप यायला लागली.

"स्वयंपाक म्हणजे काय विचारता! हिच्या हातची कंदाची भाजी खाल्ली की दुसऱ्या कोणाची नको वाटते. घर सांभाळते, वडीलधाऱ्यांचं करते. एवढ्या दिवसांतच सगळ्यांना लळा लावलाय पोरीने."

मखमलने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. म्हणजे हे आपल्याबद्दलच चाललंय तर. कालच तिची कंदाची भाजी अळणी म्हणून परत आली होती.

"राग येतो का हिला?"

"छे हो! काटे आपले दिसायला. कायम मिटलेले."

मखमलने ते आणखी थोडे मिटले.

काटेवाल्याला हात कसा लावायचा, हे तिला समितीला सांगायचं होतं. वाटेत तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण ते कोणी विचारलं नाही. ताप, जखम, औषध, यातलं काहीच कोणी विचारलं नाही. ते सगळं लग्नाच्या वेळी विचारून झालं होतं.

हत्तीणबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान डोलावली.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," हत्तीणबाई म्हणाल्या.

सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. का, ते त्यांनाही कळलं नाही.

"फक्त एक आहे. शिक्षण होईपर्यंत तिला इथेच वसतिगृहात राहावं लागेल."

सासूबाई डोळे पुसता पुसता थांबल्या. "इथे? म्हणजे... अहो, पण आमच्या ह्यांचा गुडघा..."

आता पुढचं वाक्य पडलं असतं तर सगळं संपलं असतं. ते वाक्य सासूबाईंच्या जिभेवर आलेलं मखमलला दिसलं. ती उठली, पदर सारखा केला, आणि सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाळांनो, पायांवर डोकं आलं की जंगलातल्या मोठ्या बायकांचं तोंड त्यांचं राहत नाही.

"दिल्या घरी सुखी राहा," सासूबाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि दचकल्या. पण आशीर्वाद सुटला होता. हत्तीणबाईंनी तो ऐकला होता, डॉक्टरांनी ऐकला होता, आणि झाडामागून रानडुकरीणकाकूंनीही ऐकला होता. त्याही तिथे सहज म्हणून आल्या होत्या.

हत्तीणबाईंनी मखमलच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. सासूबाईंनी उरलेल्या पोह्यांनीच तिची ओटी भरली. मग हुंदका आवरेना, म्हणून तिला जवळ घ्यायला गेल्या आणि मध्येच थबकल्या. साळिंदरांत कोणी कोणाला जवळ घेत नाही.

मखमलने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सावकाश शेपटीकडे नेला.

"टोचत नाही का गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"काट्याच्या कलाने गेलं की नाही टोचत, आई."

सासूबाईंनी डोळे पुसले. मग हत्तीणबाईंकडे वळून म्हणाल्या, "सांभाळून घ्या हो. भाजीत मीठ विसरते, पण मनाने चांगली आहे."

संध्याकाळी त्या एकट्याच घरी आल्या. मामंजी गुडघा पुढे करून बसले होते.

"सून कुठाय?"

"मुलगी सासरी गेली," सासूबाई नाक पुसत म्हणाल्या.

"कोणती मुलगी? आपल्याला मुलगी कुठाय?"

"होती. आजच दिली."

पद्माकरने हे बराच वेळ मनात फिरवून पाहिलं. हिशेब लागेना.

"आई," तो म्हणाला, "मग मी कोण झालो?"

"ते नंतर बघू. आधी बाबांचा गुडघा शेक."

दिवाळीला मखमल माहेरपणाला त्याच घरी आली. आता लेकच ती, तिला कामाला कोण हात लावू देणार? सासूबाईंनी तिला पाटावर बसवलं. भांडी पद्माकरने घासली. मखमलने त्याची नाडी बघितली आणि डोकं अजिबात दुखत नसल्याचं निदान केलं. पुढे ती उत्तम नर्स झाली. काटेवाले रोगी तर लांबलांबून यायचे.

मुंगसाच्या मुलीला अजून कळवलेलं नाही.

तात्पर्य: मुलीला शिकू द्यावं का, असं घरात कोणाला विचारू नये. विचारलं की लोक विचार करू लागतात. शाळेचं स्थळ आलंय, एवढंच सांगावं. शिक्षणाला नाही म्हणणारे जंगलात पुष्कळ आहेत. चांगल्या स्थळाला नाही म्हणणारा अजून जन्मायचाय. आणि हो, अभ्यास थोडा मागेपुढे झाला तरी चालेल, नमस्कार मात्र वेळेवर करावा.