पंपाची बंदूक आणि मूठभर अक्षता

माझ्या हातून आजवर झालेली सर्वांत मोठी शिकार म्हणजे एक झुरळ. (तेही मी पोचलो तेव्हा उताणंच पडलेलं होतं.) अशा माणसाच्या घरी बंदूक आली कशी, असं तुम्ही विचाराल. तर ती कँटीनमधल्या सुपातून आली.

जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला, आमच्या ऑफिसात दुपारी सगळे एका टेबलावर जेवतो. त्या दिवशी आमचे विभागप्रमुख हेर ल्यूडर्स एकेकाला विचारत सुटले, सुट्टीच्या दिवशी काय करता म्हणून. एकाने पॅराग्लायडिंग सांगितलं, दुसऱ्याने नावेच्या शर्यती. माझं खरं उत्तर होतं इस्त्री. पण पॅराग्लायडिंगच्या शेजारी बसून माणूस इस्त्री म्हणणार कसा? सुपाचा चमचा तोंडात असतानाच मी बोलून गेलो, "मला शिकारीची आवड आहे."

ल्यूडर्सांनी काटा खाली ठेवला. या माणसाने आठ वर्षांत माझ्याकडे इतक्या प्रेमाने कधी पाहिलं नव्हतं. गिफहॉर्नच्या पुढे त्यांचं स्वतःचं शिकारीचं रान होतं, तळं होतं आणि तळ्यावर बदकं होती.

"आल्झो, तर मग श्रीधर, आधी याग्डशाइन काढ," ते म्हणाले. "मग दरवर्षी आमच्याबरोबर!"

याग्डशाइन म्हणजे शिकारीचा परवाना. त्याची परीक्षा देऊन बघा, म्हणजे आपलं इंजिनिअरिंग पोरखेळ वाटेल. झाडं, पाऊलखुणा, कुत्र्यांचे आजार, कायदे, सगळं जर्मनमधून. रानडुकराचे दात मी इतके पाठ केले की एकदा डेंटिस्टकडे आ करून बसलो असताना मनात तेच मोजत होतो. दुसऱ्या खेपेला पास झालो.

मग बंदूक घ्यायला ब्राउनश्वाइगच्या दुकानात गेलो. एकटा गेलो असतो तर बरं झालं असतं, पण घरात येणारी वस्तू माझ्या बायकोच्या, ऊर्मिलेच्या नजरेखालून गेल्याशिवाय येत नाही. दुकानाचे म्हातारे मालक अगदी अदबीचे होते. बदकांना दुनळी घ्या, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. इकडचे सगळे शिकारी दुनळीच वापरतात. पण माझा जीव कोपऱ्यातल्या पंपाच्या बंदुकीवर जडला. पुढचा दांडा मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खटॅक! जुनं काडतूस बाहेर, नवं आत. दुनळीचं मला काही कळत नव्हतं, पण पंप म्हटल्यावर आपलेपणा वाटला. आमच्या घरी लहानपणी रॉकेलचा स्टोव्ह मीच पेटवत असे.

"हीच," मी म्हणालो.

"थांब," ऊर्मिला म्हणाली. "यात दुसरा रंग दाखवा म्हणावं. काळी नको. सणासुदीला काळं काय घेतोस?"

मालकांनी अक्रोडाच्या दस्त्याची काढली. ऊर्मिलेने ती उजेडात नेली, लाकडावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"रंग जाणार नाही ना, विचार."

"अगं, बंदूक आहे ती."

"म्हणूनच विचार. पावसात नेणार ना तू?"

मी विचारलं. चाळीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न मालकांना बहुधा पहिल्यांदाच आला असावा. त्यांनी दस्ता स्वतःच्या रुमालाने पुसून रुमाल ऊर्मिलेला दाखवला. रुमाल पांढराच होता. बंदूक पसंत पडली. मी खटॅक कधी केलंच नाही, असं दुकानातून बाहेर पडल्यावर लक्षात आलं. बंदूक माझी, पण निवडली बायकोने.

इथवर सगळं ठीक होतं. मग कोल्हापूरहून सासूबाई आल्या.

(सासूबाई घरात असल्या की ऊर्मिला मला एकदम 'अहो' म्हणू लागते. मला ते आवडतं, पण दचकायला होतं.)

आजवर सासूबाईंच्या लेखी मी म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा एक बिनतक्रारी प्राणी होतो. बंदूक पाहिली आणि त्यांनी पदर सावरला. तिचा फोटो तासाभरात कोल्हापुरात फिरला. दसऱ्याच्या दिवशी शनिवारी सकाळी मी शिकारीला जाणार, हे कळल्यावर तर त्यांना आकाश ठेंगणं झालं.

"सीमोल्लंघनालाच शिकार! जावईबापू, बदक घेऊनच यायचं. मी मसाला भाजून ठेवते. संध्याकाळी समद्यांना जेवायला बोलवा."

आणि त्यांनी खरोखरच बोलावलं. वोल्फ्सबुर्गातली झाडून सगळी मराठी मंडळी. बदकाचा तांबडा रस्सा, हा बेतही जाहीर झाला. आता बदक आणल्याशिवाय घरी तोंड दाखवायची सोय नव्हती.

"पापा, आर्मे एंटे!" आमची ईश्वरी म्हणाली. म्हणजे बिच्चारं बदक. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. बिच्चाऱ्या पापाबद्दल ती काही बोलली नाही.

शुक्रवारी खंडेनवमी. सासूबाईंनी पाट मांडला, रांगोळी घातली.

"आणा हत्यार. आज पुजायचं आणि उद्या सकाळपर्यंत हलवायचं न्हाई."

"आई, कायदा आहे. बंदूक रात्रभर बाहेर ठेवता येत नाही. तिजोरीतच हवी."

"आणि मी सांगते, पुजलेलं हत्यार हलवायचं न्हाई!"

जर्मन कायदा आणि कोल्हापूर यांच्यामध्ये मी उभा होतो. शेवटी तोडगा मलाच सुचला, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. पूजा तिजोरीतच करायची! लोखंडी कपाटाचं दार उघडलं. आत बंदूक उभी, नळी वर. परीक्षेत शिकवल्याप्रमाणे रिकामी केलेली आणि तिचा दांडा मागे ओढून पोट उघडं ठेवलेली, म्हणजे रिकामी असल्याचं कुणालाही दिसावं. सासूबाईंनी दस्त्याला हळद-कुंकू लावलं, नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलं आणि आरती झाल्यावर मूठ भरभरून अक्षता टाकल्या. एकदा नाही, घरातल्या प्रत्येकाच्या नावाने. मी हात जोडले, दार लावलं, कुलूप घातलं. देव आणि कायदा दोघेही खूश.

सकाळी सासूबाईंनी मला ओवाळलं. मी झेंडूचं फूल काढून बंदूक पिशवीत घातली आणि निघालो.

तळ्याकाठी धुक्यात हिरव्या टोप्या घातलेली मंडळी उभी होती. सगळ्यांच्या दुनळ्या. माझी पंपाची पाहून दोघा-तिघांच्या भुवया उंचावल्या. पण ल्यूडर्सांनी माझ्या खांद्यावर हात टाकून "हा आमचा श्रीधर" अशी ओळख करून दिली. खरं सांगतो, मला भरून आलं. या गावात मला कुणी 'आमचा' म्हणायची ही पहिलीच वेळ.

सुरू करण्याआधी ल्यूडर्स प्रत्येकाची नळी टॉर्चने तपासत. माझ्या नळीत त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, टोपी मागे सरकवून तिसऱ्यांदा पाहिलं.

"श्रीधर, यात काहीच दिसत नाही."

गज घातल्यावर नळीतून झेंडूच्या ओल्या पाकळ्यांचा लगदा निघाला. मी धीर देण्यासाठी हसून दांडा पुढे ढकलला. खटॅक झालं नाही. खर्रर्र झालं. ल्यूडर्सांनी बंदूक उलटी करून हलवली. तिच्या पोटातून पिवळे-लाल तांदूळ पडू लागले, ते थांबेचनात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने टाकलेले होते ना!

"हे काय आहे?"

"तांदूळ."

"बंदुकीत?"

मग भर धुक्यात, माझ्या त्या जर्मनमध्ये, मी खंडेनवमी समजावून सांगितली. ज्या हत्यारावर आपलं पोट, त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. सासूबाईंचंही सांगितलं. कुणी हसलं तर बंदूक तिथेच टाकून पळायचं, असं ठरवलं होतं. पण ल्यूडर्स गंभीर झाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते हळूच म्हणाले. "आम्ही नोव्हेंबरात शिकारीच्या कुत्र्यांना घेऊन चर्चमध्ये जातो. आशीर्वाद घ्यायला."

"तांदूळ घालतात कुत्र्यांत?" मी विचारलं.

आता मात्र सगळे हसले. आणि त्या हसण्याने नाही, तर तांदळाने घात केला. सांडलेल्या अक्षता काठावरून पाण्यात गेल्या होत्या. आधी एक बदक आलं, मग चार, मग बघता बघता तळ्यातली यच्चयावत बदकं माझ्या बुटांपाशी गोळा होऊन क्वॅक क्वॅक करत अक्षता टिपू लागली. आकाश रिकामं. हिरव्या टोप्या बंदुका खाली करून बघत राहिल्या. बसलेल्या बदकावर इथे कुणी गोळी झाडत नाही. ते शिकाऱ्याला शोभत नाही. हाकलली तरी ती जाईनात.

"आज शिकार रद्द," ल्यूडर्स डोळे पुसत म्हणाले. "पाहुणे जेवतायत."

दुःख मला एकाच गोष्टीचं होतं. घरी मसाला भाजून तयार होता. ते ल्यूडर्सांना सांगितल्यावर त्यांनी मला आपल्या घरी नेलं आणि फ्रीझरमधून मागच्या हंगामातली दोन बदकं काढून माझ्या हातात ठेवली. संध्याकाळी जेवायलाही आले.

सासूबाईंनी बदक हातात घेतलं, ओट्यावर आपटून पाहिलं. ठण्ण असा आवाज आला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "इथली बदकं पिसं उतरवून, बर्फ होऊन मगच उडत्यात व्हय?"

मी खरं ते सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाटावर बसावं लागलं. मग पदर खोचून त्यांनी असा रस्सा केला की ल्यूडर्सांनी नाक पुसत चार वाट्या ओरपल्या. रात्री जाताना त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

यंदा दसरा जवळ आला तसा ल्यूडर्सांचा मेसेज आला. शिकारीला यायचंच. आईंना नक्की आणायचं. सगळ्यांना आपापल्या दुनळ्या त्यांच्याकडून पुजून हव्या आहेत, फक्त तांदूळ बाहेरून. आणि रस्सा.

मी हरखून लिहिलं, "आणि मी? पंपाची बंदूक साफ करून ठेवू?"

लगेच उत्तर आलं, "नको. तू गाडी आण. रश्श्यानंतर आम्ही सगळे पिणार आहोत, घरी सोडायला कुणीतरी लागेल."